मनुष्यबळाची जोपासना आणि उद्योगसंस्थेचे टिकाऊपण

१

उद्योगसंस्थांच्या वार्षिक अहवालांत अलीकडे ‘शाश्वतता’ हा शब्द वारंवार आढळतो. कारखान्याने किती पाणी वाचविले, किती वीज सूर्यप्रकाशापासून मिळविली, किती झाडे लाविली, यांचे तपशील त्या शीर्षकाखाली दिलेले असतात. त्याच अहवालात थोडे पुढे ‘मनुष्यबळ’ या नावाचे वेगळे प्रकरण असते. त्यात प्रशिक्षणाचे तास, अपघातांची संख्या व नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण यांची नोंद असते. ही दोन प्रकरणे एकाच पुस्तिकेत बांधलेली असली तरी त्यांच्यातील कार्यकारणसंबंध क्वचितच उलगडून दाखविला जातो. तो संबंध कोणत्या स्वरूपाचा आहे, आणि तो मान्य केल्यास संस्थेने आपली माणसे म्हणून कोणाकोणाची गणना केली पाहिजे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पहिला प्रश्न व्यवस्थापनशास्त्राचा आहे. दुसरा वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. परंतु माणसाला आपण कोणत्या नावाने मोजतो यावर त्याचे उत्तर बऱ्याच अंशी अवलंबून असल्यामुळे तो भाषेचाही प्रश्न आहे. म्हणून आरंभ परिभाषेपासून करणे सोयीचे होईल.

‘शाश्वत’ हे विशेषण संस्कृतातील ‘शश्वत्’ या अव्ययावरून आले आहे. पुनःपुन्हा, निरंतर, असा त्या अव्ययाचा अर्थ. मराठीत ‘शाश्वत’ म्हटले की जे कधीच नाश पावत नाही ते, असा बोध होतो. मूल्ये शाश्वत असतात, आत्मा शाश्वत मानला जातो. परंतु अर्थशास्त्रात व पर्यावरणशास्त्रात ज्या कल्पनेसाठी आपण हा शब्द योजतो, ती अमरत्वाची कल्पना नव्हे. एखादा व्यवहार ज्या आधारावर उभा आहे तो आधार त्या व्यवहारानेच झिजून जाऊ नये, एवढाच तिचा आशय आहे. या दृष्टीने काही लेखकांनी वापरलेला ‘धारणक्षम’ हा शब्द अधिक नेमका ठरतो. रूढ झालेला शब्द बदलावा असा आमचा आग्रह नाही. मात्र तो वाचताना ‘आधार न झिजविणारा’ हा अर्थ ध्यानात ठेवावा, एवढीच विनंती आहे.

‘मनुष्यबळ’ या शब्दाची घडण याहून बोलकी आहे. ‘अश्वशक्ती’ ज्या साच्यातून निघाली त्याच साच्यातून तोही निघाला आहे. बळ मोजता येते, विकत घेता येते, खर्चता येते. ते कोणाचे आहे हा प्रश्न त्या शब्दात उपस्थितच होत नाही. ‘मानवी संसाधन’ या पर्यायी शब्दातही माणूस हे साधन ठरते आणि साध्य अन्यत्र असते. याउलट मराठीत नित्य वापरातली दोन क्रियापदे आहेत, ती या विषयाचे दोन्ही ध्रुव दाखवितात: ‘राबविणे’ आणि ‘जोपासणे’. आपण योजना राबवितो, यंत्रणा राबवितो आणि माणसांनाही राबवून घेतो. जोपासतो मात्र ते रोप, मूल किंवा स्नेह. म्हणजे ज्याची वाढ व्हावी आणि जे पुढे राहावे असे वाटते ते. मनुष्यबळाच्या धारणक्षम व्यवस्थापनाचा सारा विचार पहिल्या क्रियापदाकडून दुसऱ्याकडे कसे जावे याचा विचार होय, असे थोडक्यात म्हणता येईल.

२

या कल्पनेचा उगम पाहिला असता ती मुळात उद्योगाच्याच गरजेतून निघाली असे दिसते. सॅक्सनीतील फ्रायबर्ग येथे खाणींच्या कारभारावर असलेले हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ यांनी १७१३ साली वनसंवर्धनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. धातू वितळविण्याच्या भट्ट्यांना व खाणींच्या टेकूंना लाकूड लागे. त्या प्रदेशातील जंगल झपाट्याने उतरत होते. खाणीत चांदी आहे, पण भट्टीला लाकूड नाही, अशी वेळ येऊ नये यासाठी जेवढे नव्याने वाढते तेवढेच तोडावे, असा विचार त्यांनी मांडला. आज ज्याला आपण शाश्वतता म्हणतो त्या जर्मन संज्ञेचे एक आद्य रूप याच ग्रंथात आढळते.

पुढे १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने आपल्या अहवालात विकासाची जी व्याख्या केली ती सुपरिचित आहे: भावी पिढ्यांची आपल्या गरजा भागविण्याची क्षमता न गमावता वर्तमानाच्या गरजा भागविणे. १९९४ च्या सुमारास जॉन एल्किंग्टन यांनी उद्योगसंस्थेचा ताळेबंद तीन अंगांनी मांडला जावा असे सुचविले. आर्थिक नफा-तोटा हे एक अंग, निसर्गावरील परिणाम हे दुसरे आणि समाजावरील परिणाम हे तिसरे. तत्त्वतः माणूस येथे हिशेबात आला. व्यवहारात मात्र निसर्गाच्या अंगाला जे लक्ष मिळाले ते माणसाच्या अंगाला मिळाले नाही. अमेरिकेतील व्यवस्थापनशास्त्रज्ञ जेफ्री फेफर यांनी २०१० साली एका निबंधात हाच प्रश्न विचारला: संस्थेच्या कारभाराचा भौतिक पर्यावरणावर होणारा परिणाम आपण इतक्या काळजीने तपासतो, तर त्याच कारभाराचा तेथे काम करणाऱ्यांच्या आरोग्यावर व आयुष्यावर होणारा परिणाम तितक्याच काळजीने का तपासीत नाही?

या प्रश्नाचे सैद्धांतिक उत्तर जर्मन अभ्यासकांच्या लेखनात अधिक सुस्पष्टपणे सापडते. गेऑर्ग म्यूलर-क्रिस्ट व आंद्रेआस रेमर यांनी १९९९ साली आणि त्यांच्या मांडणीचा पुढे विस्तार करीत इना एनर्ट यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात एक भेद महत्त्वाचा मानला आहे. तो म्हणजे साधन आणि साधनाचा स्रोत यांतील भेद. कामगाराचे कौशल्य, आरोग्य व उत्साह ही संस्थेला लागणारी साधने. परंतु ती संस्थेत निर्माण होत नाहीत. ती कुटुंबात, शाळेत, गावात, विश्रांतीच्या वेळात निर्माण होतात. संस्था जेव्हा हे स्रोत जितके उपसते तितके पुन्हा भरू देत नाही, तेव्हा ती आपल्याच भट्टीसाठी शेवटचे झाड तोडीत असते. कार्लोवित्झ यांच्या जंगलाचा नियम येथे माणसांना लावलेला आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

३

आता अशी जोपासना संस्थेच्या टिकाऊपणाला नेमकी कशी साहाय्यक ठरते, ते पाहू. हा संबंध तीन वाटांनी घडून येतो.

पहिली वाट कौशल्याच्या संचयाची. कामाचे जे ज्ञान पुस्तकात नसते ते हातात असते, आणि हात बदलत राहिले की ते ज्ञान प्रत्येक वेळी नव्याने मिळवावे लागते. माणसे टिकली तर ज्ञान टिकते, एवढे साधे हे सूत्र आहे.

दुसरी वाट माहितीची. पाण्याची गळती, वाया जाणारी वाफ, यंत्राचा बदललेला आवाज, या गोष्टी सर्वांत आधी यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसास कळतात. त्याने त्या सांगाव्यात यासाठी त्याला सांगण्याची सोय हवी आणि सांगितल्यास आपले नुकसान होणार नाही असा भरवसा हवा. पर्यावरणविषयक धोरण संचालक मंडळात ठरत असले तरी त्याची अंमलबजावणी अशा हजारो लहान कृतींतून होते. भयभीत किंवा उद्याची खात्री नसलेल्या माणसाकडून त्या कृतींची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

तिसरी वाट वर उल्लेखिलेल्या स्रोताची. कामगाराचे घर, त्याच्या मुलांचे शिक्षण, त्याच्या गावातील आरोग्यव्यवस्था यांची स्थिती बरी असेल तर पुढच्या पिढीतही संस्थेला सक्षम माणसे मिळतात. ही वाट सर्वांत लांबची असल्यामुळे तीच सर्वांत प्रथम दुर्लक्षिली जाते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. माणसांची काळजी घेतली की नफा वाढतोच, असे सरसकट विधान अनेक प्रचारपुस्तिकांत केलेले असते. एनर्ट यांनी या संबंधाकडे विरोधाभासाच्या दृष्टीने पाहिले आहे, आणि ती दृष्टी अधिक प्रामाणिक वाटते. तात्कालिक काटकसर आणि स्रोताचे जतन यांत पुष्कळदा खरोखरीचा विरोध असतो. तो नाकारून चालत नाही. त्यात निवड करावी लागते. ती निवड कशी केली जाते, याचे भारतातील सर्वांत दीर्घ उदाहरण म्हणून जमशेदपूरकडे पाहता येईल.

४

टाटांच्या पोलाद कारखान्यात पहिले पोलाद १९१२ साली तयार झाले, आणि त्याच वर्षी तेथे आठ तासांचा कामाचा दिवस सुरू झाला. १९११ च्या कारखाने अधिनियमाने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे वेगळेपण कळते. भविष्य निर्वाह निधी तेथे १९२० साली सुरू झाला. त्यासंबंधीचा देशव्यापी कायदा १९५२ चा. प्रसूतिकाळातील साहाय्य १९२८ चे. केंद्रीय कायदा १९६१ चा. नफ्यातील वाटा म्हणून बोनस १९३४ चा. कायदा १९६५ चा. उपदान १९३७ चे. कायदा १९७२ चा. कारखान्याभोवती घरे, रुग्णालय व शाळा यांचे नगर उभे राहिले. अरण्यप्रदेशात पोलाद बनवावयाचे तर कुशल कामगार आयते मिळणार नव्हते; ते तयार करावे व टिकवावे लागणार होते. म्हणजे स्रोत जवळ नव्हता, म्हणून संस्थेने तो निर्माण केला.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच जमशेदपूरमध्ये १९२०, १९२२ आणि १९२८ साली मोठे संप झाले. १९२८ च्या संपात सुभाषचंद्र बोस यांनी कामगारांचे नेतृत्व केले. सोयी असूनही संप का झाले? कारण सोयी वरून दिल्या जात होत्या आणि वेतन, कपात व संघटनेची मान्यता या बाबतींत कामगारांचा शब्द ऐकला जात नव्हता. १९५६ च्या कराराने व्यवस्थापन व कामगार संघटना यांच्यातील संयुक्त विचारविनिमयाची रचना सिद्ध झाली आणि त्यानंतरच तेथील औद्योगिक शांतता दीर्घकाळ टिकली. यावरून असे दिसते की जोपासना ही केवळ दानाची गोष्ट नव्हे. ज्याची जोपासना करावयाची तो बोलू शकतो आणि त्याचे बोलणे हिशेबात धरावे लागते. रोप आणि माणूस यांतील हा भेद विसरता येत नाही.

जमशेदपूरचे उदाहरण आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते. वर सांगितलेले सारे लाभ कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असलेल्यांसाठी होते. ज्याचे नाव पटावर नाही, पण ज्याच्या श्रमावाचून उत्पादन होत नाही, अशा माणसाचे काय? हा प्रश्न पोलादापेक्षा साखरेच्या उद्योगात अधिक तीव्रतेने उभा राहतो, आणि तेथे त्याचे उत्तर महाराष्ट्रालाच द्यावयाचे आहे.

५

अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. ऊस पिकविणारा शेतकरी हाच कारखान्याचा मालक, या तत्त्वावर ही संस्था चालली. तिच्या परिसरात शाळा, महाविद्यालये व रुग्णालय उभे राहिले आणि राज्यातील इतर अनेक सहकारी कारखान्यांनी हाच मार्ग अनुसरला. सिद्धांताच्या भाषेत बोलावयाचे तर कारखान्याने आपल्या उसाचा जो स्रोत, म्हणजे सभासदाचे कुटुंब व गाव, त्याची जोपासना केली. सहकाराचे हे यश निर्विवाद आहे.

मात्र उसाला शेतातून कारखान्यात आणणारा एक दुसरा समुदाय आहे. बीड जिल्हा व त्याच्या आसपासच्या दुष्काळी भागांतून अनेक लक्ष माणसे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत घालून निघतात आणि हंगाम संपेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्याच्या इतर भागांत व कर्नाटकात ऊस तोडतात. मुकादम त्यांना हंगामाआधी ‘उचल’ देतो. ती फेडण्यासाठी टोळीत काम करावे लागते. कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी असतो, तोडणाऱ्याशी नसतो. त्यामुळे कारखान्याच्या दृष्टीने तो मुकादमाचा माणूस ठरतो आणि मुकादमाच्या दृष्टीने तो उचल घेतलेला देणेकरी ठरतो.

या व्यवहाराची भाषा लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. नवरा व बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. उचल कोयत्यावर दिली जाते. टोळीत किती कोयते आहेत असे विचारले जाते. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. माणसाऐवजी त्याच्या हातातील हत्यार मोजणे ही भाषाशास्त्रात लक्षणेची परिचित रीत आहे, आणि इतर भाषांतही कामकऱ्यांना ‘हात’ म्हणून मोजण्याची चाल आढळते. परंतु येथे लक्षणा केवळ बोलण्याची लकब राहिलेली नाही. ती हिशेबाचे एकक झाली आहे. एका कोयत्यात दोन माणसे असतात, पण हिशेबाच्या वहीत नाव एकच, बहुधा नवऱ्याचे, लिहिले जाते. बायकोने मोळ्या बांधल्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहिल्या, तरी वेगळी नोंद नाही, वेगळे वेतन नाही. ज्या एककात ती मोजली जाते त्या एककातच ती अदृश्य होते.

या अदृश्यतेची किंमत काय असते, हे २०१९ साली समोर आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्या वेळी ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली होती. हे प्रमाण सुमारे सतरा टक्के होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये देशभरातील प्रमाण सुमारे तीन टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट तंतोतंत जुळणारे नसल्यामुळे या आकड्यांची तुलना सावधपणे केली पाहिजे. तरीही अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही. यामागील कारणे अनेक आहेत. फडाजवळच्या खोपटात पाण्याची व शौचाची सोय नसणे, जड मोळ्यांचे ओझे, मासिक पाळीच्या दिवसांतही सुटी नसणे, एक दिवस चुकला की लागणारा ‘खाडा’, डोक्यावरील उचल आणि शस्त्रक्रियेचा सल्ला सहज देणारे खाजगी डॉक्टर, अशी ती साखळी आहे. तिची प्रत्येक कडी वेगळ्या माणसाच्या हाती असल्यामुळे कोणीच स्वतःस जबाबदार मानीत नाही.

६

हा प्रश्न करुणेचा आहे यात संशय नाही. परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तो कारखान्याच्या टिकाऊपणाचाही आहे, हे दाखविणे आवश्यक आहे. ऊस जमिनीलगत तोडला तर साखरेने भरलेला बुडखा वाया जात नाही आणि खोडवाही चांगला फुटतो. वर सोडला तर दोन्हीकडून तोटा. वाढे नीट छाटले नाही तर अपक्व रस गाळपात येऊन उतारा घटतो. तोडलेला ऊस जितका रेंगाळेल तितकी त्यातील साखर कमी होते. म्हणजे ज्या उताऱ्यावर कारखान्याचे सारे अर्थकारण उभे आहे, तो बऱ्याच अंशी त्या ‘कोयत्याच्या’ कसबावर अवलंबून आहे. मजूर अपुरे पडले की फड पेटवून ऊस तोडण्याकडे कल वाढतो; त्याने पाचट जळते, जमिनीला मिळावयाचे आच्छादन जाते, धूर होतो आणि उसाची प्रतही लवकर उतरते. तेव्हा मनुष्यबळाचा प्रश्न आणि पर्यावरणाचा प्रश्न या दोन निराळ्या प्रकरणांत घालण्याजोग्या गोष्टी नव्हेत. तोडणारी माणसे मिळेनाशी झाली की तोडणी यंत्रे आणावी, असेही सुचविले जाते, आणि ती येतही आहेत. परंतु लहान तुकड्यांचे व अरुंद सऱ्यांचे शेत, पाणथळ जमीन आणि यंत्राची किंमत यांमुळे हाताची तोडणी एकदम संपणारी नाही.

आज साखर उद्योगाची गणना हरित उद्योगांत होऊ लागली आहे. बगॅसपासून वीज निर्माण होते, मळीपासून व उसाच्या रसापासून इथेनॉल तयार होऊन पेट्रोलमध्ये मिसळले जाते. हे सारे स्वागतार्ह आहे. पण ज्या हिशेबात बगॅसचा प्रत्येक टन मोजला जातो आणि ऊस तोडणारी स्त्री मोजली जात नाही, तो हिशेब अपुरा आहे. सेबीने २०२१ साली व्यवसायांची जबाबदारी व शाश्वतता यांविषयीच्या अहवालाचा नवा नमुना घालून दिला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने अग्रेसर अशा एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो बंधनकारक केला. त्या नमुन्यात कायम कामगारांबरोबर इतर कामगारांचीही माहिती मागितलेली आहे, हे पाऊल योग्य दिशेचे होय. परंतु सहकारी कारखाने शेअर बाजारात नोंदलेले नसतात. ते या नमुन्याच्या कक्षेत येत नाहीत. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमदेखील राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडहून कोल्हापुरास गेलेला कामगार त्या अर्थाने स्थलांतरितच ठरत नव्हता.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा समझोता झाला. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन झाले असून गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यावेत व तितकीच भर शासनाने घालावी, अशी त्याची योजना आहे. कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावे वसतिगृहांची योजनाही आखण्यात आली. शेवटच्या या योजनेचा संबंध थेट स्रोताशी आहे, म्हणून तिचे महत्त्व विशेष. तरीही मूळ दुवा तसाच राहतो: दर वाढला तरी करार मुकादमाशीच, आणि एकक कोयत्याचेच.

७

ज्याचा ठराविक मालक नाही अशा कामगाराला पटावर आणणे शक्य नाही, असे या संदर्भात नेहमी म्हटले जाते. त्याचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ सालीच दिले आहे. मुंबईच्या बाजारपेठांतील माथाडी कामगार दिवसभरात अनेक व्यापाऱ्यांची ओझी उचलीत. त्यांचा मालक कोण, हे सांगता येत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चळवळीतून माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा अधिनियम झाला. त्या अन्वये मंडळे स्थापन झाली. व्यापारी व कामगार दोघांचीही नोंदणी झाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तीवर ठरावीक टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरावयाची, आणि मंडळाने कामगाराला वेतन, भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा व औषधोपचार यांचा लाभ द्यावयाचा, अशी ही रचना आहे. टोळी तीच राहिली, काम तेच राहिले. परंतु टोळीतील प्रत्येकाला नाव व खाते मिळाले. या व्यवस्थेत पुढे दोष शिरले, माथाडींच्या नावाखाली खंडणी मागितली जाते अशा तक्रारीही झाल्या. तरी एका मालकाशी बांधलेल्या नोकरीवाचूनही कामगाराची जोपासना करता येते, हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. ऊसतोड कामगारांनाही असेच संरक्षण मिळावे, ही मागणी जुनी आहे.

खर्चाचा आक्षेप उरतो. साखरेचा व्यवसाय अडचणीत असतो, शेतकऱ्याची देणी थकतात, त्यात हा भार कसा सोसावा? आक्षेप खोटा नाही. परंतु हा खर्च आजही होतच आहे. केवळ तो कारखान्याच्या वहीत दिसत नाही. तो बीडच्या स्त्रीच्या शरीरावर, तिच्या शाळा सुटलेल्या मुलावर, पुढच्या वर्षीच्या उचलीवर पडलेला असतो. वहीबाहेर ढकललेला खर्च म्हणजे वाचविलेला खर्च नव्हे, हे निसर्गाच्या बाबतीत आपण मान्य केले आहे. नदीत सोडलेले सांडपाणी आज कोणी बचत म्हणून दाखवीत नाही. माणसाच्या बाबतीत तेच तत्त्व लावावयाचे आहे.

सारांश असा. मनुष्यबळाचे धारणक्षम व्यवस्थापन संस्थेच्या टिकाऊपणाला आधार देते ते कौशल्य, माहिती व स्रोत या तीन वाटांनी. पण या तिन्ही वाटा हजेरीपटाच्या सीमेशी थांबल्या तर आधार अर्धाच राहतो. म्हणून कोणत्याही संस्थेचा शाश्वततेचा अहवाल अभ्यासताना संशोधकाने तीन प्रश्न विचारावेत. येथे कोणाची गणना झाली आहे व कोणाची नाही? जी माणसे येथे राबतात त्यांचा स्रोत कोठे आहे आणि त्याची स्थिती काय आहे? आणि जो खर्च येथे दिसत नाही तो कोण सोसत आहे?

यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुधारण्यास मोठ्या निधीची वा नव्या यंत्राची आवश्यकता नाही. येत्या हंगामात तोडणीच्या वहीत एका कोयत्याच्या जागी दोन नावे लिहिली गेली, आणि दोन्ही नावांपुढे स्वतंत्र खाते क्रमांक असला, तरी जोपासनेचा आरंभ झाला असे म्हणता येईल. ज्याचे नाव लिहिले जाते त्याच्याविषयीच पुढचे प्रश्न विचारता येतात.